भोचक आणि भित्रे

अमरावती, ता. ९ नोव्हेंबर १९६३

श्री. पुंजाजी तायडे यांना चारुशीलाचा नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन अकोल्याला लेकीकडे, पंचफुलाकडे, गेलात त्याला चार महिने होऊन गेले. इतक्या दिवसांत साधं कार्ड टाकलं नाही आणि आज काम पडल्यावर चांगलं लांबलचक पत्र लिहायला बसले आहे, तेव्हा आधीच कान पकडते. कॉलेजच्या उंदीरघरात एकवीस वर्षं काढलेला माणूस निघून गेल्यावर काय काय अडतं, ते तुम्ही इथे असताना आम्हाला कुठे कळलं होतं? तुमच्या जागी आलेले नत्थुजी स्वभावाने भले आहेत, पण उंदरांपेक्षा तेच जास्त घाबरतात. दोनदा चावून घेतलं आहे आणि दोन्ही वेळा दोष उंदरालाच दिला.

आता कामाचं. तुमच्या हातून आपल्या प्रयोगाच्या चार तुकड्या झाल्या. दर तुकडीत वीस पांढरे उंदीर. दहांना अँफेटामीनची, म्हणजे तुमच्या भाषेत तरतरीची सुई द्यायची आणि दहांना नुसत्या मिठाच्या पाण्याची. सुई दिली की दोन खोल्यांच्या पेटीतल्या पांढऱ्या खोलीत अर्धा तास ठेवायचं. आठ दिवसांनी पांढऱ्या आणि काळ्या खोलीमधलं दार उघडायचं आणि उंदीर आपण होऊन कुठे जातो ते बघायचं. उंदराला मुळात अंधारी, काळी खोलीच आवडते. औषधाची गोडी लागली तरच तो पांढरीत जाऊन बसतो. तुमच्या चारही तुकड्यांत औषधाच्या दहांतले आठ उंदीर पांढऱ्या खोलीत गेले. नत्थुजींच्या हातून झालेल्या पाचव्या तुकडीत फक्त चार गेले! औषध तेच, पेट्या त्याच, खाणंही तेच.

म्हणून विचारते. औषध मोजताना, सुई देताना तुम्ही वेगळं काही करत होता का? आठवून, खरं खरं लिहा. प्रबंध १५ जानेवारीच्या आत नागपूरला पोचला पाहिजे, कारण फेब्रुवारीत कायम व्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखती आहेत. सहा वर्षं तात्पुरती म्हणून राबते आहे. ही जागा गेली की पुन्हा कधी निघेल कोण जाणे.

पंचफुलाला आशीर्वाद.

आपली,
चारुशीला

*

अकोला, ता. १५ नोव्हेंबर १९६३

चारुशीलाबाईले पुंजाजी तायडेचा जय भीम.

पत्र भेटलं. पंचफुला म्हणे, मी वाचून दाखोतो. म्या म्हटलं, दे अठी, माह्ये डोये काही फुटले नाईत. वाचलं आन तसाच कागद घेऊन बसलो.

बाई, तुमी मले असं इचारलं का म्या औषध कमीजास्त केलं. सरळ नाई इचारलं, पण माणसाले समजते. एकवीस वर्सात उंदराच्या हरबऱ्यातला एक दाना म्या तोंडात टाकला नाई. पिचकारीवरची रेघ दिसाले पायजे म्हणून चष्मा घेतला, तोबी कॉलेजच्याच कामासाठी. घरी मले कोणती रेघ पाहाची हाये?

औषध बरोबर होतं. सुई बरोबर होती. उंदिर तुमी सांगतलं तसेच घेतले, हाती लागन तो. नत्थुजीले मी वळखतो. तो पावसाळ्यात गांडुळाले भेते. त्याले इचारा.

पंचफुलाची शाळेतली मास्तरकी चालू हाये. मोर्णेच्या काठानं सकाळी फिरतो. मले अठी गमत नाई, पण आता काय करता.

पुंजाजी

*

अमरावती, ता. २४ नोव्हेंबर १९६३

श्री. पुंजाजी यांना,

अहो, तुमच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं! पण तुम्हाला तसं वाटलं म्हणजे माझंच लिहिणं चुकलं. माफ करा. तुमच्या चष्म्याचं वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचे विभागप्रमुख भगवंतराव यांना विचारलं. त्यांचं मत तुमच्यासारखंच आहे. नवा माणूस, थरथरता हात, सुई कुठे लागली कुठे नाही. पाचवी तुकडी सोडून द्या म्हणाले, चार तुकड्यांचे आकडे खणखणीत आहेत, तेवढ्यावर प्रबंध उभा राहतो. तेव्हा तेच करते आहे. टंकलेखन सुरू झालं.

आणि एक आनंदाची गोष्ट. प्रबंधाच्या पहिल्या पानावर ज्यांनी मदत केली त्यांचे आभार मानतात. ते इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते: ‘प्राण्यांची दोन गटांत वाटणी श्री. पुंजाजी तायडे यांनी कोणतीही निवड न करता, अत्यंत निःपक्षपातीपणे केली. या प्रबंधातील निष्कर्षांचा सारा भरवसा त्यावर आहे.’ भगवंतरावांनी वाचून भुवया उंचावल्या. उंदीरघरातल्या माणसाचं नाव आजवर कोणी घातलं नव्हतं. मी म्हटलं, मग मी घालते.

आता तरी राग गेला ना?

चारुशीला

*

अकोला, ता. २० डिसेंबर १९६३

चारुशीलाबाईले जय भीम.

तुमच्या पत्राले उत्तर द्याले महिना लागला. कामानं नाई, माह्याच मनानं लावला.

तुमी माह्यं नाव छापाचं लिवलं. पंचफुलानं ते पत्र शेजारपाजारच्या सगयाइले वाचून दाखोलं. आमच्या घराण्यात छापील कागदावर नाव येणार मी पयला. तीन दिस मी ताठ मानेनं फिरलो, खोटं कायले सांगू. चौथ्या दिशी जेवन गोड लागे ना. म्हटलं पुंजाजी, तुह्यं नाव येईन, पण खोट्यावर येईन.

मागच्या पत्रात म्या लिवलं का हाती लागन तो उंदिर घेतला. ते खरं नाई.

तुमी सांगतलं होतं, पिंजऱ्यात हात घाला, पयला येईन तो डावीकडं, दुसरा उजवीकडं. पण बाई, पिंजऱ्यात हात घातला का काय होते ते तुमाले मालूम नाई, कारण तुमी कधी घातला नाई. काही उंदिर सोता होऊन येतात. बोटं हुंगतात, बाहीत शिरतात, खिशात काय हाये ते पाहतात. त्याइले मी भोचक म्हणतो. आन काही कोपऱ्यात एकावर एक चढून बसतात. उचलला का तळहातावर मुततात, कापतात. ते भित्रे.

तरतरीची सुई लागली का उंदिर कसा करते ते म्या पाह्यलं हाये. डोये टकटक, आंग तापलेलं, येड्यावानी गोल गोल पयते. मले वाटलं, भित्र्याचं कायीज तेवढ्यानंच फुटन. भोचक दमाचा, तो सोसून घेईन. जू द्याचं तं दमदार बैलाच्याच मानेवर द्या लागते. म्हणून भोचकाइले औषध देल्लं आन भित्र्याइले मिठाचं पाणी. चारी तुकड्या अशाच केल्या. त्यानं तुमच्या कामात काही बिघडन असं मले वाटलं नाई. उंदिर तो उंदिर, असं समजलो.

आता तुमाले जे लिवाचं ते लिवा. माह्यं नाव काढून टाका, मी पंचफुलाले सांगीन.

पुंजाजी

*

अमरावती, ता. २८ डिसेंबर १९६३

पुंजाजी,

तुमचं पत्र वाचलं. काय लिहू? तुम्ही दया केलीत आणि माझी तीन वर्षं पाण्यात घातलीत. एका गटात सगळे धीट आणि दुसऱ्यात सगळे भित्रे! त्या आकड्यांना आता काडीची किंमत नाही. टंकलेखकाकडे एकशे चाळीस पानं तयार आहेत.

नोव्हेंबरमध्ये विचारलं तेव्हाच सांगितलं असतंत तर?

अधिक लिहीत नाही. लिहिलं तर वेडंवाकडं लिहीन.

चारुशीला

*

अमरावती, ता. ११ जानेवारी १९६४

श्री. पुंजाजी यांना नमस्कार.

माझ्या मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही आणि येऊही नये असंच ते पत्र होतं. तेव्हा आता पुन्हा मीच लिहिते.

रागाचा पहिला भर ओसरल्यावर मी उंदीरघरात गेले आणि पिंजऱ्यात हात घातला. होय, पहिल्यांदा. तीन वर्षं उंदरांवर प्रबंध लिहिणारी मी, पण उंदराला हात लावायला तुम्ही होतात. तुम्ही म्हणता तसंच झालं. एक जण तडक माझ्या बांगडीत तोंड घालून बसला, आणि पाच-सहा जण कोपऱ्यात थरथरत राहिले. मग डोक्यात उजेड पडला. नत्थुजी घाबरून डोळे मिटून हाताला येईल तो उंदीर उचलतात. म्हणजे खरी निःपक्षपाती वाटणी त्यांचीच, भीतीपोटी का होईना! त्यांच्या तुकडीत भोचक आणि भित्रे मिसळलेले होते, म्हणून आकडा निम्म्यावर आला.

पुंजाजी, मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. उंदराला औषधाची गोडी लागते का, हा प्रश्नच नाही. कोणत्या उंदराला लागते, हा आहे. नव्या गोष्टीत नाक खुपसणाऱ्याला आणि कोपरा धरून बसणाऱ्याला एकच सुई वेगवेगळी लागते की काय? हे मला पाहायचं आहे.

भगवंतरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण विचारणार आहे?” मी म्हटलं, मूठ माझी आहे आणि ती मला उघडी दिसते. मुदतवाढीचा अर्ज दोन दिवस त्यांनी तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यावर सही केली आणि म्हणाले, “जागा जाईल बरं.” मलाही ते ठाऊक आहे.

आता विनंती. चाळीस नवे उंदीर आले आहेत. त्यांतले भोचक कोणते आणि भित्रे कोणते, हे तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. चार दिवसांसाठी याल का? मग दोन्हीकडच्या निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना मिठाचं पाणी द्यायचं. हे मी आधीच सांगते, कारण या वेळी भित्र्यांनाही औषध द्यावं लागणार. त्याला इलाज नाही.

चारुशीला

*

अकोला, ता. १६ जानेवारी १९६४

चारुशीलाबाईले जय भीम.

येतो. सोमवारच्या गाडीनं बडनेऱ्याले उतरीन. नत्थुजीले सांगा पिंजऱ्यात दोन दिस हात घालू नोको, उंदिर बिचकते.

पण एक गोष्ट सांगून ठेवतो. वाटणी करून देईन. भित्र्याइले औषधाची सुई माह्या हातानं नाई व्हाची. ते तुमी करा. प्रबंध तुमचा हाये.

तुमी रागं भरल्या ते बरोबर होतं. मले त्याचं काही नाई. म्या लपोलं ते वाईट केलं, त्याचं मले वाईट वाटते.

पुंजाजी

*

अमरावती, ता. ३० एप्रिल १९६४

श्री. पुंजाजी यांना नमस्कार.

तुम्ही जाताना बजावून गेलात, निकाल काय लागला ते कळवा. कळवते. उशीर झाला तो कामामुळे नाही. शेवटी ते येईलच.

आधी माझं. फेब्रुवारीत मुलाखत झाली आणि जागा दुसऱ्याला मिळाली. फार वाईट वाटलं. आठ दिवस घरात नुसती चिडचिड केली. ती बिचारी रोज विचारायची, “अगं, उंदरांनी तुझं काय घोडं मारलं?” मी पुढचं वर्षभर तात्पुरतीच राहणार.

आता उंदीर. तुम्ही पिंजऱ्यात हात घालून, वीस आकडे मोजेपर्यंत कोण जवळ येतं ते पाहून जी वाटणी केलीत, ती मी दुसऱ्या रीतीने ताडून पाहिली. सुतार बोलावून एक फळी करून घेतली, तिला सोळा भोकं पाडली. उंदराला फळीवर सोडायचं आणि पाच मिनिटांत तो किती भोकांत नाक घालतो ते मोजायचं. तुमचे भोचक एकामागून एक भोकं हुंगत सुटले. भित्रे कडेला चिकटून बसले. चाळिसांपैकी सदतीस उंदरांच्या बाबतीत फळी आणि तुमचा हात यांचं एकमत झालं. भगवंतराव म्हणाले, “फळी बऱ्यापैकी हुशार आहे.”

सुया मी दिल्या. पहिल्या दिवशी पिचकारी हातात धरून दहा मिनिटं उभीच होते. भित्रा तळहातावर इतका कापत होता की त्याला दोनदा पिंजऱ्यात परत ठेवला. तुम्ही एकवीस वर्षं हे केलंत आणि कधी बोलला नाहीत.

निकाल असा. औषध दिलेल्या दहा भित्र्यांपैकी दोनच पांढऱ्या खोलीत गेले. बाकीचे दार उघडताच काळ्या खोलीत पळाले, सुई कधी लागलीच नव्हती असे. कोणाचं काळीज फुटलं नाही. सगळे जिवंत आहेत, खातातपितात. औषध दिलेल्या दहा भोचकांपैकी मात्र आठ पांढऱ्या खोलीत गेले. सुया बंद करून तीन आठवडे झाले, तरी ते तिकडेच जातात. खाणं समोर असलं तरी ते टाकून जातात आणि कोपरे हुंगत बसतात.

हे तुम्हाला लिहू की नको, असा चार दिवस विचार केला. पण तुम्ही मला खरं लिहिलंत, मग मी कसं लपवू? पुंजाजी, तुम्हाला जे सोसणारे वाटले तेच अडकणारे निघाले. भित्र्यांना या औषधापासून फारसा धोका नव्हताच. जे आपण होऊन तुमच्या हाताशी येत होते, धोका त्यांना होता. तुमचा यात दोष नाही. तुम्हाला कळण्याचा काही मार्गच नव्हता, आणि मलाही नव्हता.

प्रबंध जुलैमध्ये देते. तो आता सगळाच्या सगळा याच गोष्टीवर आहे. हे उंदीर ११ मेपर्यंत ठेवायचे आहेत, मग नेहमीच्या नियमाप्रमाणे क्लोरोफॉर्म देऊन संपवायचे.

चारुशीला

*

अकोला, ता. ४ मे १९६४

चारुशीलाबाईले जय भीम.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पंचफुलाले वाचाले देल्लं नाई.

मले लय दुख झालं बाई. तुमी दोष नाई म्हणता, तुमचं मन मोठं हाये. पण जे माह्याजवय भरवशानं आले, त्याइलेच म्या औषध देल्लं, आन जे माह्यापासून पयाले त्याइले वाचोलं. चार तुकड्याइचे चाळीस भोचक माह्या हातानं गेले. मी सुई देल्ली, आन देताना मनात म्हणे का म्या चांगलं केलं. त्याइचं आता काही होत नाई.

हे आठ मले द्या. क्लोरोफॉर्म नोका देऊ. भगवंतरावाले सांगा का म्हातारा येडा झाला. काही कागदावर सही पायजे असन तं करतो. ९ तारखीले मी पेटी घेऊन येतो. नाई म्हणू नोका. एकवीस वर्सात म्या तुमच्या कॉलेजाले काही मांगतलं नाई.

पुंजाजी

*

अकोला, ता. ६ जून १९६४

चारुशीलाबाईले जय भीम.

मी नेताना तुमी सांगतलं होतं का आठाइचं काय होते ते लिवत जा. लिवतो.

गाडीत मोठी गंमत झाली. पेटीवर धोतर झाकून बसलो होतो. मुर्तिजापूरले एक बाई इचारे, आत काय हाये? म्या म्हटलं, कोंबडीचे पिल्लं. ती म्हणे, मंग ओरडत काहून नाईत? म्या म्हटलं, शिकलेले हायेत, कॉलेजातून आणले. पंचफुलानं मात्र घरी आल्यावर चांगलं फैलावर घेतलं. म्हणे, लोक उंदरापायी मांजर पाळतात आन माह्या बाप उंदिर पाळते. आता तीच पेटीतला भुसा बदलते.

तब्येतीचं सांगतो. पयल्या आठवड्यात एक मेला. त्याले नदीकाठी पुरला. बाकीचे सात हायेत. चौघं आता रात्री सुखानं झोपतात, एकमेकाच्या आंगावर. तिघं अजूनबी पेटीभर फिरत राहतात, कोपरे हुंगतात, काय शोधतात ते तुमाले मालूम हाये आन मलेबी. त्याइले पाहून जीव तुटते. पण मी पेटीजवयून उठत नाई. दुपारभर तिथंच बसतो, उन्हासाठी आणलेलं वाळ्याचं ओलं तट्टं पेटीवरच लावलं हाये, पंचफुला आन मी उकाड्यात असेच राहतो.

हात घातला का सातबी जण येतात बाई, अजूनबी येतात! मले पयले दोन दिस ते पाहावत नव्हतं, मी हात काढून घे. मंग म्हटलं, ते भेत नाईत तं मी कायले भेऊ. आता तळहातावर ज्वारीचे दाने घेऊन बसतो. त्या तिघाइनं बोटं हुंगली, बाही पाह्यली, दान्याकडं पाह्यलं नाई. पंधरा दिस असंच चाललं. काल त्यातल्या एकानं दाना खाल्ला.

पुंजाजी